छोट्या विमानाचं पेट्रोल हवेत संपलं तर ते दगडासारखं खाली येतं का? पायलट काय करतो?

दगडासारखं नाही येत हो, इंजिन बंद पडलं तरी पंख असतातच की. आमची पायपर वॉरियर (एका इंजिनचं चार सीटचं विमान) १००० फूट उंचीमागे साधारण दीड मैल तरंगते, स्पीड ७३ नॉटला (ताशी १३५ किमी) धरायचा आणि तेवढ्यात जागा शोधायची.

खरा प्रश्न संपतं कसं हा आहे. मी आणि पार्टनर (विमान अर्धं अर्धं) कॅलिफोर्नियात सॅन होजेहून सॅन लुईस ओबिस्पोला जेवायला गेलो, बायका मागच्या सीटवर. वजनामुळे टाक्या टॅबपर्यंतच (टाकीतली खूण), म्हणजे ३४ गॅलन, त्यातले २ वापरताच येत नाहीत, आणि तासाला १० जातात. परत निघताना मी म्हणलं इथे भरून घेऊ, तर पार्टनर म्हणे इथे महागंय, वारा नसेल तर घरी पोचून ७ उरतात, नियमाला अर्ध्या तासाचं उरलं तरी पुरतं. वारा नसेल तर! हा डोक्यात अजून चेतक स्कूटरच चालवतो, रिझर्व्हला लागली की आडवी करायची आणि पंप गाठायचा.

येताना समोरून ३० नॉट वारा. वाटेतल्या किंग सिटीजवळ इंजिन फडफडलं आणि गप्प, प्रॉप नुसता वाऱ्यावर फिरतोय. खाली लेट्यूसची शेतं, मी सरीच्या दिशेने एक शेत धरून ठेवलं (सरीला आडवे उतरलात तर चाक अडकून उलटे), मग पायाजवळचा पेट्रोलचा कॉक उजव्या टाकीवर (वॉरियरला एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल येतं), पंप ऑन, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) पूर्ण पुढे, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा). आणि धरलं इंजिनने! डावी टाकी कोरडी झालेली, बदलायची मी विसरलो, मान्य.

किंग सिटीला उतरून काठी घालून बघितलं (काट्यांवर विश्वास ठेवूच नका), उजवीत १२ होते. पार्टनर म्हणे, "बघ, पोचलो असतो." त्या वाऱ्यात घर ५५ मिनिटं लांब, म्हणजे ९ गेले, उरले ३. वीस मिनिटं, तीही सॅन होजेला लगेच उतरायला मिळालं तर. मी आता एक तास उरेल एवढं धरूनच निघतो, कोणी भित्रा म्हणो.

मी इन्स्ट्रक्टर नाही हां, आणि सेस्ना १७२ ला कॉक दोन्ही टाक्यांवर ठेवता येतो, तिथे ही भानगड नाही. वजनाचं पार्टनरचं बरोबरच होतं, चार माणसं आणि फुल टाक्या वॉरियरला झेपत नाहीत. पण जाताना जळलेले १० गॅलन तिथे परत टाकले असते तर मी विसरूनसुद्धा डावी कोरडी पडली नसती, हे तो अजून कबूल करत नाही.