डॉलर आत्ता घेऊ का? आधी पॉलिसीचा कागद वाचा

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४४, हातात पगार दीड लाख, मुलगी पाचवीत. नवरा-बायकोला मे २०२७ मध्ये इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर जायचंय, आठ दिवस बोटीवरच राहून बेटं, स्नॉर्केलिंग, सी लायन, कासवं. ऑपरेटर १४ लाख सांगतोय. बुकिंगचे २ लाख एफडी मोडून भरणार, बाकीचे "ट्रॅव्हल प्लॅन"मधून, जो बँकेतल्या मॅडमनी मार्च २०२५ ला करून दिला. वर्षाला ३ लाख, दोन हप्ते भरून झाले, "१५ टक्के टॅक्स फ्री". प्रश्न एवढाच, की रुपया पडतोय तर डॉलर आत्ताच घेऊन ठेवू का?

डॉलरचं नंतर बघू. तुम्ही कागद जोडलेत ते मी वाचले, तुम्ही वाचलेले दिसत नाहीत. हा ट्रॅव्हल प्लॅन वगैरे काही नाही हो, साधी युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, आणि युलिपला ५ वर्षांचा लॉक-इन असतो, तोवर पैसे काढता येत नाहीत, तुमचा मार्च २०३० ला संपतो. म्हणजे २०२७ च्या ट्रिपसाठी आज तुमच्याकडे शून्य रुपये आहेत आणि त्या जोरावर तुम्ही एफडी मोडायला निघालात.

१५ टक्क्यांचं म्हणाल तर कागदावर ४ आणि ८ टक्क्यांचेच आकडे आहेत, नियमाने तेवढेच दाखवता येतात, १५ फक्त मॅडमच्या तोंडी. टॅक्स फ्रीही नाही, वर्षाला अडीच लाखांवर प्रीमियम गेला की फायद्यावर टॅक्स लागतो. आणि "कव्हर आहे म्हणून टर्म घेतला नाही" असं लिहिलंय (टर्म म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ आयुर्विमा), ते कव्हर ३० लाखांचं आहे, तुमचा पावणेदोन वर्षांचासुद्धा पगार नाही!

तर आधी एक कोटीचा टर्म घ्या, पॉलिसी हातात आली की मगच युलिपचा हप्ता थांबवा, कारण हप्ता थांबला की तिथलं कव्हरही जातं. दंड काही हजारांचाच आहे. भरलेले ६ लाख बंद पॉलिसींच्या फंडात जातील, किमान ४ टक्क्यांनी वाढतील, २०३० ला साधारण ७ लाख. सुटलेले महिना २५ हजार, त्यातून टर्मचा प्रीमियम वजा करून उरलेले आरडीत टाका, तोवर तेही ११ लाखांच्या आसपास होतील.

एकूण १८. आजची १४ ची ट्रिप तेव्हा १७ ची धरा, म्हणजे मे २०३० ला आरामात जाता. जानेवारी ते मे तिथलं पाणी कोमट असतं, स्नॉर्केलिंगला तेच बरं.

ऑपरेटर मात्र लुटत नाहीये. बोटीचेच माणशी साडेचार हजार डॉलर धरले तर दोघांचे साधारण ८ लाख, नॅशनल पार्कची फी २०२४ पासून माणशी १०० ची २०० डॉलर झालीये, वर इक्वाडोरची राजधानी क्विटोपर्यंतचं आणि तिथून गालापागोसच्या बाल्ट्रा विमानतळापर्यंतचं विमान. घाईच असेल तर तिथल्या पुएर्तो आयोरा गावात हॉटेल घेऊन रोजच्या बोटीने फिरा, खर्च बराच उतरतो, सी लायन आणि निळ्या पायांचे बूबी पक्षी तसेही दिसतात, फर्नांडिना-जेनोवेसासारखी लांबची बेटं मात्र बहुतेक सुटतील.

आणि डॉलर? चार वर्षं आधी फॉरेक्स कार्डात डॉलर भरून त्यावर शून्य व्याज कमवायचं काही कारण नाही, बोटीचे हप्ते सुरू होतील तसे घ्या. बुकिंगचे २ लाख या महिन्यात भरू नका.