लेकीनं सिनेमाचा धसका घेतलाय

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीत नणंदेकडे कल्याणला गेली होती. तिथे 19 वर्षांच्या भाच्यानं तिला मोबाइलवर एक सायकोलॉजिकल थ्रिलर दाखवला. त्यात मुलीच्या विश्वासातलाच माणूस तिला कोंडून ठेवतो. पुढचं लिहवत नाही. तेव्हापासून लेक दिवा लावून झोपते, बाथरूमला गेली की मला दाराबाहेर उभं करते. मिस्टर म्हणतात, 'आपण नाही का भुताचे सिनेमे बघितले?' तिचा मोबाइल काढून घेऊ का? भाच्याला बोलले तर नणंद दुखावेल.
– एक आई, भांडुप

ताई,

दाराबाहेर उभं राहणं चालू ठेवा. ते लाड नव्हेत. 'एवढी मोठी झालीस आणि घाबरतेस काय' हे मात्र घरात कुणीही म्हणायचं नाही, मिस्टरांनीसुद्धा.

त्यांचं म्हणणं मला पटत नाही. भुताच्या सिनेमातलं भूत पडक्या वाड्यात असतं, भांडुपच्या बिल्डिंगीत ते कुणाला भेटत नाही. या सिनेमात भूत नाहीच. गोड बोलणारा, घरात ये-जा असलेला माणूसच घात करतो. सिनेमा संपतो, पण क्लासचे सर, शेजारचे काका रोज समोर येतातच. कुणावर किती विश्वास ठेवायचा हे पोरी ज्या वयात शिकत असतात, नेमका तिथेच घाव बसलाय. त्यात अशा सिनेमांत पुष्कळदा अत्याचार करणाऱ्याच्याच नजरेतून सगळं दाखवतात. मोठ्या माणसाला दिग्दर्शकाचा हेतू कळतो, चौदाव्या वर्षी फक्त ते दृश्य मनात घर करतं.

तिला समोर बसवून चौकशी करू नका. भाजी निवडताना सहज विचारा, 'त्यातलं कुठलं सारखं आठवतं गं?' आणि गप्प राहा. 'खोटं असतं ते' अशी घाई नको, तिला ते माहीत आहे. तिचं बोलून झालं की सीन कसे करतात ते सांगा. नॅशनल पार्कच्या पलीकडेच गोरेगावची चित्रनगरी आहे. त्या बंद खोलीत कॅमेरावाला, लाइटवाले, मेकअपवाली अशी किती माणसं उभी असतात, आणि 'कट' झाल्यावर ती नटी चहा मागवते, हे ऐकलं की दृश्याची पकड थोडी सैल होते.

मग एकदाच, शांतपणे विचारा, 'असं वागणारं तुला कुणी भेटलंय का?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. पण कधी कधी सिनेमा निमित्त होतो आणि आतलं काही वर येतं. तसं काही निघालं तर तिच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करा.

मोबाइल काढून घेऊ नका. तिनं सिनेमा पाहिला तो भावाच्या मोबाइलवर, आणि शिक्षा झाली तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणारच नाही. 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला 18 वर्षांखालच्या मुलांना थिएटरात सोडत नाहीत. मोबाइलला असा डोअरकीपर नाही. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवाल्यांना वयाची वर्गवारी दाखवावी लागते आणि 'यूए 13+' व त्यावरच्या सिनेमांसाठी पालकांना लॉकची सोय द्यावी लागते. तुमच्या घरच्या अकाउंटवर ते लॉक आजच लावा, पिन मुलीच्या जन्मतारखेची नको. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात वयोगट आणि 'हिंसा', 'लैंगिक हिंसा' असे शब्द येतात. ते काही सेकंदांत जातात, तेवढे वाचायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या.

दोन आठवड्यांत झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही, किंवा ती स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलली, तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

राहिला भाचा. नणंदेला मध्ये न आणता त्याच्याशी एकट्याशी बोला. त्याच्या वयाला तो सिनेमा चालतो, बहिणीच्या वयाला नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नसावं. ओरडू नका. ती दिवा लावून झोपते, तुम्हाला दाराशी उभं करते, हे जसंच्या तसं सांगा आणि त्यानं स्वतः तिला फोन करावा असं सांगा. ती चिडली तर त्यानं ऐकून घ्यावं.