योनिमार्गात जंतुसंसर्ग असेल तर एचआयव्हीची लागण लवकर होते का?

हो, धोका वाढतो. पण संबंधातून विषाणू शरीरात आला तरच. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. हे आम्ल एचआयव्हीला मानवत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो तेव्हा, हे जिवाणू घटतात, पीएच वाढतो, आतलं अस्तर कमकुवत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाह: संसर्गाशी लढायला सीडी४ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. २००८ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या स्त्रियांत एचआयव्हीचा धोका इतरांच्या सुमारे १.६ पट आढळला. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) आणि जननेंद्रियाच्या हर्पिसमुळेही (फोड आणणारा विषाणूसंसर्ग) धोका वाढतो. हर्पिसच्या फोडांतून तर एचआयव्हीला थेट वाट मिळते.

मात्र संसर्गावर उपचार केले म्हणजे एचआयव्हीपासून संरक्षण मिळालं, असं सिद्ध झालेलं नाही. कंडोम आणि गरजेप्रमाणे प्रेप (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायचं औषध) हवंच. पांढरं जातंय, वास येतोय म्हणून आतून धुऊ नका, त्याने उरलेले चांगले जिवाणूही जातात. लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बॅक्टेरियल व्हजायनोसिस अनेकदा कोणतंही लक्षण न दाखवता असतो.