विदर्भ एक्स्प्रेसने पहिल्यांदाच नागपूरला निघालाय? जेवणाचं एवढं बघा

पहिलाच रात्रीचा प्रवास आहे, तर रात्रीचं जेवण घरूनच न्या. सीएसएमटीहून गाडी संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते आणि नाशिकरोडला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. तोवर उपाशी राहू नका. कल्याण गेलं की डबा उघडायचा.

वेळेचं महत्त्व नवख्यांच्या लक्षात येत नाही. रात्री दहानंतर मधला बर्थ लावायचा हक्क त्या प्रवाशाचा असतो. एकदा तो लागला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही. मान वाकवून, मांडीवर ताट सांभाळत जेवावं लागतं. म्हणून साडेनऊच्या आत हात धुऊन मोकळे व्हा.

डब्यात रस्सा नको. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, बस्स. धपाटेही छान टिकतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- जेवण घ्यायला फलाटावर लांब जाणं. एकटे असाल तर उतरूच नका.
- गाडीत विकत घेताना दर न विचारणं. आधी दर विचारा, बिल मागा.
- आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर (गाडीत जेवण ऑनलाइन मागवायची सोय) ऐनवेळी ऑर्डर देणं. पीएनआर टाकून आधीच मागवलंत तर जेवण थेट बर्थवर येतं, पण ते पुढच्या खेपेला करून बघा.

पाणी मात्र भरपूर ठेवा. सकाळी वर्ध्याच्या आसपास चहा मिळतो. नाश्ता नागपुरात उतरून निवांत तर्री-पोह्यांचा करा.