एकदा हो म्हटलं, आता नाही म्हणता येतं का?

हे छापायला देण्याआधी, जिची ही गोष्ट आहे तिला वाचून दाखवलं. दोन वाक्यं काढायला लावली तिनं, काढली. गावाचं नाव आणि ओळखू येतील अशा खुणा मी आधीच बदलल्या होत्या.

सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा सुरू झाला त्या आठवड्यात ती आली. यवतमाळकडची, तीन एकर कोरडवाहू, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. बराच वेळ झोपेचंच बोलली. उठता उठता म्हणाली, "मॅडम, एकडाव हो म्हटलं, तं आता नाही म्हनता येते का?"

शेजारच्या पोट्ट्यानं तिचा व्हिडिओ केला होता. पोरगा चांगला, पदवी झालेला, मोबाइलवर गावाच्या गोष्टी टाकणारा. तिनं दारात बसून सगळं सांगितलं, त्यानं खाली क्यूआर कोड लावला आणि बेचाळीस हजार जमले. मुलीचं वर्ष वाचलं. पण नववीतली ती मुलगी आता शाळेत 'व्हिडिओवाली' झाली होती, आणि धाकटा रात्री पांघरुणात तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायचा. बाप कुठे, कसा गेला ते त्यात जागेसकट दाखवलेलं होतं.

"त्यानं आमच्यासाठी इतकं केलं. आता कोन्या तोंडानं सांगू, डिलीट कर म्हनून?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. मदत घेतली की आपली गोष्टही विकली गेली, असं माणसाला वाटायला लागतं. मी तिला विचारलं, तो मोबाइल घेऊन आला तेव्हा तू हो कशी म्हणालीस? तिला आठवेना. त्याआधी पोलिसांना सांगून झालं होतं, पटवाऱ्याला सांगून झालं होतं, शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीसाठी केस पात्र की अपात्र ठरवणाऱ्यांना कागदांवर सांगून झालं होतं, पेपरवाल्यांनाही. "इचारलं का सांगाचं, इतकंच माहीत," ती म्हणाली. सवयीनं निघालेल्या या होकाराला मी संमती म्हणत नाही. आणि समजून-उमजून दिलेली असती, तरी ती परत घेता आलीच असती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं, असं म्हटलंय. कायदा अशा घरगुती प्रकरणाला कितपत लागेल हा वेगळा विषय. तत्त्व मात्र शेजारच्या पोरालाही लागू.

एक गोष्ट तिला तेव्हाच स्पष्ट सांगितली. मूळ व्हिडिओ निघेल, दुसऱ्यांनी टाकलेल्यांची तक्रार करता येईल, पण व्हॉट्सअॅपवर जे घरोघरी गेलं ते परत येणार नाही. ती रडली. खोटा दिलासा देण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

तिच्या परवानगीनं पोराला बोलावलं. तो दुखावला. "मी काय व्ह्यूजसाठी केलं का मॅडम?" नव्हतंच केलं. त्याला म्हटलं, पैसे जमवलेस ते चांगलंच. पण चेहरा, पोरांची नावं, ती जागा यातलं काहीही न दाखवता पैसे जमलेच नसते का? आत्महत्येची पद्धत आणि ठिकाण देऊ नये, असं प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये पेपरवाल्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर सांगितलंय, कारण खचलेल्या माणसावर त्याचा परिणाम होतो. मोबाइलवाल्याला हे कोण शिकवणार? धाकट्याचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. त्याच रात्री व्हिडिओ निघाला. जमलेल्या पैशाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

धाकट्याला मी वेगळा बोलावला. त्याला अजून वेळ लागेल. घरी 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर भिंतीवर लिहून ठेवायला सांगितलं. फुकट आहे, रात्रीही लागतो.

शेजारच्या पोराला मी आणखी एक सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकात जो लॅम्बर्ट (Joe Lambert) आणि त्यांच्या साथीदारांनी आपली गोष्ट डिजिटल रूपात सांगायच्या कार्यशाळा सुरू केल्या. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, आवाज सांगणाऱ्याचा, फोटो त्याचे, काय ठेवायचं नि काय गाळायचं तेही त्याच्याच हातात. बाकीच्यांनी फक्त मशीन चालवायला मदत करायची. त्यानं ते मनावर घेतलं. महिन्याभरानं तिच्याकडे गेला आणि मोबाइल तिच्याच हातात दिला.

तिनं चारदा रेकॉर्ड केलं. नवऱ्याबद्दल त्यात एकच वाक्य आहे. बाकी सगळं सातबाऱ्यावर नाव चढवायला किती चकरा झाल्या, कोणता कागद आधी काढायचा, दिराला काय सांगायचं याचं. चेहरा नाही, कापूस वेचणारे हात आहेत. बचत गटातल्या दोघींना तिनं तो ऐकवला, त्यातली एक दुसऱ्याच दिवशी पटवाऱ्याकडे गेली.

सगळ्यांना पाठवू का, असं पोरानं विचारलं. "थांब न बाप्पा," ती म्हणाली, "तूर निघू दे. मंग पाहू."