जपानमधल्या निक्कोच्या तोशोगू देवस्थानात तीन माकडांखेरीज लाकडी कोरीवकामात काय पाहावं?

माकडांपासूनच सुरुवात करा, पण तिथे थोडं थांबा. गांधीजींमुळे आपल्या ओळखीची ती तीन माकडं देवाच्या घोड्याच्या तबेल्यावर आहेत. माकड घोड्याचं रक्षण करतं अशी जुनी समजूत आहे. एकूण ८ फळ्या आहेत आणि त्यांत बालपणापासून मातृत्वापर्यंतचं माणसाचं आयुष्य माकडांच्या रूपात कोरलंय. ही तिघं म्हणजे फक्त दुसरी फळी, लहानपणाची. बहुतेक लोक तिचा फोटो काढून पुढे जातात, याची खरंच हळहळ वाटते.

मग योमेइमोन दरवाजा. त्यावर ५०० हून जास्त शिल्पं आहेत: ड्रॅगन, मुलं, ऋषी. पांढऱ्या खांबांपैकी एकाची नक्षी मुद्दाम उलटी आहे. वास्तू पूर्णत्वाला गेली की तिचा ऱ्हास सुरू होतो, म्हणून ती जाणूनबुजून अपुरी ठेवली, असं सांगतात. मला हा खांब अख्ख्या दरवाजाहून प्रिय आहे.

भांडाराच्या इमारतीवरचे हत्तीही चुकवू नका. चित्रकार कानो तान्यूने हत्ती कधी पाहिलाच नव्हता, कल्पनेने आराखडा केला. आपल्याला ते कान बघताक्षणी कळतं.

शेवटी झोपलेली मांजर. अगदी छोटी आहे, मान वर करून शोधावी लागते. तिच्या मागच्या बाजूला चिमण्या खेळतायत. मांजर झोपलीय म्हणजे युद्ध संपलं, असा अर्थ लावतात. हे देवस्थान म्हणजे जपानचा शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएयासू याचं स्मारक आहे, आणि आजचं रूप त्याचा नातू इएमित्सूने १६३६ मध्ये पूर्ण केलं.