फक्त दोन खेळाडू असतील तर प्रत्येकाने दोन-दोन कॅरेक्टर चालवावीत का?

तुम्ही विचारलंय की डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका वठवायचा खेळ) खेळायला डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, धरून तुम्ही तिघंच आहात, अ‍ॅडव्हेंचर म्हणजे तयार कथानक चार-पाच जणांसाठी लिहिलेलं आहे, तर दोघांनी दोन-दोन कॅरेक्टर घेतली तर चालेल का. चालेल. पण दोन्ही सारख्याच तोलाची घेऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

आम्हीही असेच तिघं होतो. मी डीएम, माझा धाकटा भाऊ आणि मामेबहीण. खेळत होतो डी अँड डीची पाचवी आवृत्ती. भावाकडे एक ड्वार्फ फायटर (बुटका योद्धा) आणि एक क्लेरिक (देवाच्या कृपेने जखमा भरणारी), दोघंही तिसऱ्या लेव्हलचे. मिनिएचर (कॅरेक्टरच्या छोट्या मूर्ती) नव्हती म्हणून कॅरमच्या सोंगट्या मांडायचो, फायटर काळी, क्लेरिक पांढरी. लढाया जरा लांबायच्या, पण निभायच्या.

अडलं ते एका पकडलेल्या गॉब्लिनवरून (हा एक छोटा राक्षस). फायटरला त्याला मारायचं होतं, क्लेरिकला सोडून द्यायचं होतं, आणि भाऊ दोन्ही बाजूंनी बोलू लागला. पहिली दोन-चार वाक्यं रंगली. मग बहिणीने हातातले फासे खाली ठेवले. वाद त्याचाच, निकालही तोच देणार, तिने मध्ये बोलायचं काय? थोड्या वेळाने तिने हात लांब करून क्लेरिकची शीट (तिची माहिती लिहिलेला कागद) स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "आता हिचं मी बोलते." आणि फायटरकडे वळून, "याला मारलंस ना, तर उद्या तुझ्या जखमेवर हात ठेवायला मी येणार नाही." भाऊ गप्पच झाला. आपलीच क्लेरिक आपल्याला असं सुनावेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. गॉब्लिन वाचला, आणि पुढच्या तीन सेशनमध्ये त्याने वाट दाखवली.

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: एकाच खेळाडूची दोन कॅरेक्टर एकमेकांशी बोलणार नाहीत. लढाईत ज्याचं त्याने चालवायचं, संवादाची वेळ आली की दुसरं कॅरेक्टर समोरच्याच्या तोंडी द्यायचं. तुम्ही बाकी काही केलं नाहीत तरी एवढं नक्की करा.

अशा खेळाकडे नाइलाज म्हणून बघू नका, ही पद्धत जुनी आहे. १९७८च्या डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) १८ असेल तर १५ हेंचमनपर्यंत (पदरचे साथीदार) मुभा होती. १९८७च्या आर्स मॅजिका या खेळात प्रत्येकाचा एक जादूगार आणि एक साथीदार असतो, शिवाय ग्रॉग म्हणजे शिपाई-गडी, ते सगळ्यांचे सामाईक. डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळात तर सुरुवातीलाच झीरो लेव्हलचे तीन-चार गावकरी हातात येतात, चार बाजूंच्या फाशावर एचपी (किती मार सोसेल तो आकडा), हातात धंद्याचं अवजार. त्यातले बरेचसे मरणारच असतात, जो उरेल तो तुमचा हिरो. तिथे जीव लावायला वेळच मिळत नाही, म्हणून चार-चार झेपतात.

तुमची अडचण वेगळी आहे, माणसं कमी पडतायत. सहा गॉब्लिन म्हणजे एका फेरीत त्यांचे सहा वार आणि तुमचे दोन. कॅरेक्टर कितीही दणकट असलं तरी हा फरक भारी पडतो. त्यासाठी दुसरं कॅरेक्टर म्हणून साइडकिक, म्हणजे सोप्या नियमांचा जोडीदार, घ्या. २०१९च्या डी अँड डीच्या इसेन्शियल्स किटमध्ये त्याचे नियम आहेत, २०२०च्या टाशाज कॉल्ड्रन या पुस्तकात ते २० लेव्हलपर्यंत वाढवलेत. एक्स्पर्ट, स्पेलकास्टर (जादू करणारा), वॉरियर (लढवय्या) असे तीनच प्रकार, आणि फुल कॅरेक्टरच्या मानाने लक्षात ठेवायचं फार थोडं. तुमच्यापैकी कोणी विझर्ड (जादूगार) असेल तर त्याच्या गळ्यात दुसरा स्पेलवाला अजिबात मारू नका, वॉरियर द्या. इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला पाळीचा क्रम, कॅरेक्टर आणि त्याचा साइडकिक दोघांचा एकच ठेवा.

या प्रकाराचा एक मोठा फायदा मला फार उशिरा कळला. एरवी पार्टी, म्हणजे कॅरेक्टरांचा गट, फुटली की अर्धे लोक तासभर नुसते बसून राहतात. तुमच्याकडे चार कॅरेक्टर असतील तर ती अशी वाटा की दोन्ही ठिकाणी दोघांचं एक-एक असेल. आमचे दोघं तुरुंगात आणि दोघं छपरावर असा एक अख्खा सेशन झाला, कोणीही रिकामं बसलं नाही. खाली कोण काय म्हणालं हे छपरावरच्यांना माहीत नाही, एवढं मात्र दोघांनी प्रामाणिकपणे पाळायला हवं.

पहिल्या सेशनला साइडकिकच्या शीट टेबलाच्या मध्ये ठेवा, कोणाच्याही पुढ्यात नको. आमची क्लेरिक शेवटी बहिणीकडेच राहिली.